कमरेचा भाव

“हॅलो, कमरेचा एमआरआय करायचा आहे. किती लागतील?”

“कॅश की इन्शुरन्स?”

“आधी किती ते सांगा, मग ठरवतो.”

“आधी ठरवा सर, मग सांगते.”

हाच संवाद मी यवतमाळ, पुसद, अकोला, नागपूर आणि नांदेड अशा सगळ्या दिशांना करून पाहिला. आमचं दिग्रस मोठ्या मोक्याच्या ठिकाणी वसलं आहे. कोणतंच मोठं शहर धड जवळ नाही आणि कोणतंच इतकं लांब नाही की जायचं टाळता यावं. सगळीकडे आवाज वेगळा, पण प्रश्न तोच आणि चालही तीच. एकदा वैतागून मी “उधार” म्हणून पाहिलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

माझं कृषी केंद्र आहे. किंमत छापलेली नाही असा माल मी जन्मात विकला नाही. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत दिल्लीहून ठरून येते. 2025 च्या हंगामात ती 901 रुपये होती. दिग्रसला 901 आणि गुजरातेतही 901. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैसे. हे पन्नास पैसे कोणी कोणाला द्यायचे यावर दर हंगामात माझ्या काउंटरवर चर्चासत्र होतं, पण निदान गोणीवर आकडा तरी असतो. त्यामुळे भाव विचारल्यावर दुकानदारच गिऱ्हाईकाची उलटतपासणी घेतो, हा प्रकार मला नवीन होता.

कंबर धरली त्याची गावात प्रसृत झालेली हकीकत अशी की मी एकट्याने खताची गोणी उचलत होतो. ही हकीकत मीच प्रसृत केली आहे. प्रत्यक्षात टीव्हीचा रिमोट सोफ्याखाली गेला होता आणि मी वाकून हात घातला तो तिथेच राहिलो. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाने रिमोटसाठी कंबर खर्ची घातली हे सांगायला बरं दिसत नाही. शिवाय भेटायला येणारे गोणी ऐकून हळहळतात, रिमोट ऐकून विचारतात, “मग सापडला का?”

आमच्या डॉक्टरांनी मला उताणं झोपवून पाय वर करायला लावला. मी पाय सोडून बाकी सगळं वर केलं. त्यांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, अंगठा दाबला, “मुंग्या येतात का?” असं विचारलं आणि चिठ्ठीवर लिहिलं : एमआरआय, एल. एस. स्पाइन.

“किती लागतील साहेब?”

“ते तिकडे सांगतील,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटची घंटी वाजवली. पैशांचा विषय निघाला की आपल्याकडचे डॉक्टर एकदम संतवृत्तीचे होतात.

तिकडचे सांगतात खरे, पण त्याआधी मोठी प्रश्नावली असते. प्लेन की कॉन्ट्रास्ट? दीड टेस्ला की तीन टेस्ला? फिल्म पाहिजे की नुसती सीडी? रिपोर्ट आज की उद्या? दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट, असं भाच्याने इंटरनेटवर वाचून कळवलं. पृथ्वीच्या एक पट चुंबकत्वावर माझं इतकी वर्षं ठीक चाललं होतं, म्हणून मी दीडमध्येच समाधान मानायचं ठरवलं. शेवटचा प्रश्न मात्र सगळीकडे जरा हळू आवाजात येतो : “पाठवलं कोणत्या डॉक्टरांनी?” त्याचं उत्तर दिलं की थोडी शांतता पसरते, कीबोर्ड खडखडतो आणि मग आकडा येतो. डॉक्टरांनी पाठवण्याबद्दल मिळणारा कट बंद व्हावा म्हणून राज्य सरकारने 2017 साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कायद्याचा मसुदा करवून घेतला होता. मसुदा झाला, आणि मग बहुधा तोही पुढच्या तपासणीसाठी कुठेतरी रेफर झाला.

फोन करून करून जे निघालं ते असं. यवतमाळातल्या एका सेंटरवर कॅश 6,500. त्याच गावातल्या एका मोठ्या दवाखान्यात इन्शुरन्समध्ये 9,500. कंबर तीच, मणके तितकेच, आणि मशीनही दोन्हीकडे दीड टेस्लाचंच.

“पण इन्शुरन्सचे तुम्हाला कुठे द्यायचेत?” दवाखान्यातली मुलगी म्हणाली. “कंपनी देते ना.”

हे वाक्य सौभाग्यवतींनी ऐकलं. फोन स्पीकरवर होता. इथून पुढे माझी कंबर माझ्या ताब्यात राहिली नाही.

आमच्या घरात पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी आहे. ती साडूने काढून दिली. साडू हा इसम दरवर्षी हप्त्याच्या आधी आठ दिवस घरी जेवायला येतो आणि बाकी वर्षभर ‘रेंजच्या बाहेर’ असतो. सौ.ची त्या पॉलिसीबद्दलची तक्रार एकच, आणि ती ती कोणासमोरही बोलून दाखवते : “एवढे हप्ते भरले अन् घरात एक माणूस धड आजारी पडलं नाही!” शेजारच्यांचं पित्ताशय गेल्या वर्षी विम्यात निघालं. जावेच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू विम्यात झाले. आमच्याकडे मात्र सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत, त्यामुळे चार बायकांत बोलायला काही राहिलं नव्हतं. अशा वेळी माझी कंबर म्हणजे बुडीत खात्यात आलेली वसुली होती.

साडूला फोन लावला. आश्चर्य म्हणजे लागला.

“साडूभाऊ, एमआरआय विम्यात होतो का?”

“होते ना जी. कायले नाही होणार? फक्त ॲडमिट व्हा लागते. चोवीस तास.”

“एमआरआयला वीस मिनिटं लागतात म्हणे.”

“मशीनले वीस मिनिटं लागते. कंपनीले चोवीस तास लागते.”

“बरं, ॲडमिट होतो. मग देतील?”

“ॲडमिट झाल्यावर काही इलाज झाला तर देतील. नुसत्या तपासण्या करायले ॲडमिट झालेत असं त्याइले वाटलं, तर नाही देत. तसा नियमच हाय.”

“म्हणजे इलाज पाहिजे. पण मला झालंय काय?”

“ते एमआरआय केल्याबिगर कसं समजंल?”

मी फोन कानाला लावून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. बसता येत नव्हतं, हे एक कारण. दुसरं असं की हे तर्कशास्त्र पचायला वेळ लागत होता. आजार काय ते कळायला तपासणी हवी, तपासणी फुकट व्हायला भरती हवी, भरती मंजूर व्हायला इलाज हवा आणि इलाज ठरायला आजार कळायला हवा. साडू थापा मारत असेल म्हणून मी पॉलिसीचं पुस्तक काढलं. केवळ निदान आणि तपासणीसाठी झालेल्या भरतीचा खर्च मिळणार नाही, हे कलम त्यात खरंच आहे. सगळ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत असतं. विमा नियामकाने त्याला सांकेतिक क्रमांकसुद्धा देऊन ठेवला आहे, चौथा. पुस्तकाची बाकी पानं उघडताना एकमेकांना चिकटलेली निघाली, म्हणजे हे पुस्तक घरात पहिल्यांदाच उघडलं जात होतं.

त्या संध्याकाळी न्यू जर्सीतल्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं, आपलं हे गावंढळ गाऱ्हाणं ऐकून तो हसेल. तो हसला नाही.

“मामा, इकडे पण तेच आहे. मला गुडघ्याचा एमआरआय करायचा होता. इन्शुरन्स कार्ड दाखवलं तर एक आकडा, कार्ड खिशात ठेवून सेल्फ पे म्हटलं तर त्याच्या निम्म्याहून कमी.”

“मग विमा कशाला रे?”

“वर्षातले पहिले काही हजार डॉलर आपणच भरायचे असतात. तेवढे भरून झाले की मग विमा सुरू होतो. तोपर्यंत विमा असला की आपल्याला फक्त महागातला दर मिळतो.”

तिकडे म्हणे 1 जानेवारी 2021 पासून नियमच आहे की दवाखान्यांनी आपले सगळे दर, कॅशचे आणि प्रत्येक विमा कंपनीशी ठरलेले, इंटरनेटवर टाकायचे. भाच्याने एका दवाखान्याची ती यादी उघडली, तर ती इतकी लांब होती की लॅपटॉपचा पंखा फिरायला लागला. त्यात गुडघा शोधेपर्यंत गुडघा बरा होतो, असं तो म्हणाला. कापूस आणि सोयाबीनच्या बाबतीत जे जमलं नाही ते शेवटी कमरेच्या बाबतीत जमलं, म्हणजे दिग्रस अमेरिकेच्या बरोबरीला आलं, याचा मला क्षणभर अभिमान वाटला.

आपल्याकडेही हे काही आजचं नाही. करोनाच्या दिवसांत प्रत्येक घरातून कोणी ना कोणी छातीचा सीटी करून आलं होतं आणि लोक ओट्यावर बसून “माहा सोळा स्लाइसचा झाला, तुमचा किती?” अशी विचारपूस करत. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने या एचआरसीटीचे दर बांधून दिले. सोळापेक्षा कमी स्लाइसच्या मशीनला 2,000 रुपये, सोळा ते चौसष्टला 2,500 आणि त्याहून जास्तीला 3,000. फिल्म, पीपीई किट, सॅनिटायझेशन, जीएसटी, सगळं त्यातच. आणि त्याच आदेशात पुढे असंही होतं की रुग्णाकडे आरोग्य विमा असेल तर हे दर लागू नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे विमा नाही त्याला सरकारचं संरक्षण, आणि ज्याच्याकडे आहे त्याचं रक्षण विमा करेल ही सदिच्छा.

हे सगळं मी दुकानात खुर्चीच्या पाठीला उशी लावून, येईल त्या गिऱ्हाईकाला सांगत होतो. एक जुना शेतकरी तणनाशकाचा डबा न्यायला आला होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मंग त्यात काय नवं हाय भाऊ?” तो म्हणाला. “हा डबा मले नगदीत कितीले देता?”

“छापील किमतीपेक्षा साठ कमी.”

“अन् दिवाळीच्या वायद्यावर?”

“छापील.”

“काहून?”

काहून म्हणजे? पैसे काही महिन्यांनी येणार. आले तरी सगळे येतील याची खात्री नाही. कोणी म्हणेल औषध लागू पडलं नाही, कोणी म्हणेल डबा गळका होता, हिशेबात दोनशे कापा. वहीत लिहा, निरोप पाठवा, खेटे घाला. विमा कंपनीकडून दवाखान्याला पैसे असेच येतात. उशिरा येतात, कापून येतात आणि त्यामागे लागायला वेगळा माणूस पगारावर ठेवावा लागतो. शिवाय कंपनी सुरुवातीलाच घासाघीस करून टक्के पाडून घेते, म्हणून तेवढे टक्के आधीच चढवलेले असतात. हे मला समजायला काहीच हरकत नव्हती. पण शेतकऱ्यासमोर ते मान्य करायचं म्हणजे पुढच्या हंगामात वायद्याच्या भावावर वाद. मी म्हणालो, “आमची गोष्ट वेगळी आहे,” आणि त्याला चहा मागवला.

घरात मात्र ‘कंपनी देते ना’ या तीन शब्दांपुढे कोणतंच शास्त्र टिकलं नाही. आम्ही यवतमाळला निघालो. पॉलिसी, आधार, पॅन, दोन चादरी, थर्मास आणि डबा. भरतीची तयारी.

आर्णीमार्गे जाणारी एसटी मिळाली. कंडक्टरने सौ.ला अर्धं तिकीट दिलं, कारण मार्च 2023 पासून बायकांना अर्धं. मला पूर्ण. आमच्याच बाकावर खिडकीशी बसलेल्या आजोबांनी पंचाहत्तरी ओलांडली होती, त्यांना फुकट. एकाच बाकावर तीन भाव! पण कंडक्टरने कोणालाही “पाठवलं कोणी?” असं विचारलं नाही. आजोबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “कमरेचं हाय काय?” मी हो म्हटल्यावर त्यांनी एरंडेल, निर्गुडी आणि गरम विटेचा शेक असा इलाज सांगितला आणि फी म्हणून सौ.च्या डब्यातली एक पुरी घेतली. सगळ्या प्रवासात हाच एक व्यवहार सरळ झाला.

दवाखान्यातल्या मेडिक्लेम डेस्कवरचा मुलगा चांगला होता. त्याचा चेहरा दिवसभर दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणाऱ्या माणसाचा होता. त्याने आमचं कार्ड मशीनला दाखवलं, झेरॉक्स मागितल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स मागितल्या आणि विचारलं, “रूम कोणती घेणार?”

“एमआरआय कोणत्याही रूममध्ये सारखाच निघतो ना?”

“निघतो सारखाच, दर वेगळा लागतो. जनरलला एक, सेमीला एक, डीलक्सला एक.”

हे मला नवीन होतं. खाटेचा वर्ग वाढला की तळमजल्यावरच्या त्याच मशीनचा भाव वाढतो. डीलक्समधल्या माणसाचे मणके जास्त काळजीपूर्वक मोजत असतील, अशी मी समजूत घातली. खरं तर दरपत्रक पाहायला हवं होतं. 2021 सालच्या राज्याच्या नियमांनुसार दवाखान्यांनी दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. इथेही लावलेली होती. तिच्यावर एका औषध कंपनीचं मोठं कॅलेंडर टांगलेलं होतं. मी हळूच ऑगस्ट महिना उचलून पाहिला, तर खाली ‘रुग्णाचे हक्क’ एवढंच वाचता आलं. तेवढ्यात सिक्युरिटीवाल्याने “काका, हात नका लावू” म्हटलं.

मुलाने अंदाजपत्रक छापून दिलं. नोंदणी, खोली, नर्सिंग, डॉक्टरांच्या फेऱ्या, रक्त, लघवी, ईसीजी, सलाइन, फिजिओथेरपी आणि एमआरआय 9,500. एकूण 31,000. सौ.चा चेहरा उजळला. एवढी मोठी रक्कम आपल्या कमरेवर दुसरं कोणी खर्च करणार, हे समाधान मीही थोडं चाखलं.

“यात न मिळणारे किती?” मी विचारलं.

“साधारण पाच हजार धरा. ते आधी डिपॉझिट भरायचे.”

विमा न देणाऱ्या गोष्टींची एक अधिकृत यादी आहे, 68 वस्तूंची. हातमोजे, टीव्हीचा आकार, मिनरल वॉटर, कॅरी बॅग असल्या गोष्टी. त्या मुलाने भिंतीवरची यादी दाखवली तेव्हा माझी नजर नेमकी एका ओळीवर गेली : कमरेचा पट्टा. कंबर दुखल्यावर ज्या एकाच वस्तूची सर्वांच्या मते हमखास गरज लागते, ती न मिळणाऱ्यांत. सौ.ने तोंडी हिशेब केला. रोखीने केलं तर साडेसहा हजार, भरती झालं तर पाच. “दीड हजार वाचतात,” ती म्हणाली. “एका रात्रीचा तर प्रश्न आहे. झोपून राहा.”

मी झोपून राहायला तयारही झालो. दीड हजारांसाठी हाताला सलाइन लावून घ्यायचं, रक्त द्यायचं, बाटलीत लघवी द्यायची, निरोगी छातीला ईसीजीच्या पट्ट्या चिकटवून घ्यायच्या आणि रात्रभर अनोळखी माणसाच्या घोरण्याला साथ करायची. दुकानात कोणी मला दीड हजार देऊन यातली एक गोष्ट करायला सांगितली असती, तर मी त्याला पायऱ्या उतरायला लावल्या असत्या. पण ‘फुकट’ म्हटलं की माणूस किती मोजायला तयार होतो, त्याला काही माप नाही.

अर्ज कंपनीला गेला. कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात निर्णय द्या, असं विमा नियामकाने 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं आहे, आणि आमच्या कंपनीने तासाच्या आत उत्तर पाठवलंही. उत्तर म्हणजे एक प्रश्न होता : ‘रुग्णाला भरती करण्याची आवश्यकता काय?’

“आता?” मी विचारलं.

मुलाने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. “काका, तुम्हाला खरं सांगू? रिपोर्टमध्ये काही मोठं निघालं, नस दबलेली वगैरे, तर पास होईल. काहीच नाही निघालं, तर नुसत्या तपासणीसाठी भरती केली म्हणून सगळं नामंजूर करतील. मग एकतीस हजार तुमच्यावर.”

सौ. खुर्चीत नीट बसली. तिने पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटून हात जोडले. “घंटीबाबाला नारळ बोलते,” ती म्हणाली.

“कशासाठी? काही निघावं म्हणून, की न निघावं म्हणून?”

तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. प्रश्न योग्य होता हे तिलाही दिसत होतं. दिग्रसच्या बाबांसमोर इतका अवघड नवस आजवर कोणी मांडला नसावा. नवऱ्याची कंबर धड असावी पण एकतीस हजारांपुरती बिघडलेली निघावी. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “चला, रोखीत करून टाकू. बाबांना कशाला कोड्यात घालायचं.”

आम्ही चादरी, थर्मास आणि अर्धा डबा घेऊन त्या 6,500 वाल्या सेंटरवर गेलो. रिसेप्शनवरच्या मुलीला मी दारातूनच सांगितलं, “कॅश!” हा शब्द उच्चारताना आपल्या आवाजात एवढी ऐट येते हे मला माहीत नव्हतं.

“पाचशे कमी करा,” मी म्हणालो.

“कशाबद्दल?”

“नगद आहे.”

“सर, हा नगदचाच रेट आहे.”

“मग फिल्म नको.”

“फिल्म नसली तर तुमचे डॉक्टर परत पाठवतील.”

“पाठवलंच नाही कोणी. स्वतःहून आलोय. बघा आता.”

तिने चिठ्ठी माझ्याच हातातून घेऊन त्यावरचं नाव वाचलं. मग मला सुचवलं की रात्री नऊनंतर आलात तर पाचशे कमी होतात. मी लगेच हिशेब मांडला : रात्री नऊनंतर दिग्रसला परतायची सोय नाही, लॉजचे आठशे, दोघांचं जेवण वेगळं. सौ. म्हणाली, “जेवण आहे आपल्याकडे.” मी तिच्याकडे पाहिलं. ती गंभीर होती.

शेवटी साडेसहा हजार मोजले आणि मला आत घेतलं. अंगावर लोखंड आहे का, असं एकाने विचारलं. मी नाही म्हणालो आणि मग सौ.च्या पिशवीत एकेक वस्तू पडत गेली : अंगठी, तांब्याचं कडं, चष्मा, दुकानाच्या चाव्यांचा जुडगा, पट्ट्याचं बक्कल, चांदीचा करदोटा आणि पँटच्या खिशातून फवारणी पंपाचं एक पितळी नोझल. तंत्रज्ञाने नोझल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. “हे शरीरातलं नाही ना?” त्याने खात्री केली. मग मागे नाड्या असलेला हिरवा झगा दिला. कंबर धरलेल्या माणसाला मागच्या नाड्या बांधायला लावणं हा तपासणीचाच भाग असावा.

आत वीस मिनिटं हलायचं नाही. ठक ठक, मग घर्रर्र, मग पुन्हा ठक ठक. हलायचं नाही म्हटल्याबरोबर नाकाला खाज सुटली. ती विसरण्यासाठी मी भाच्याने पाठवलेली एक गोष्ट आठवत राहिलो. रेमंड दमाडियन नावाच्या अमेरिकी डॉक्टरने 1977 मध्ये माणसाचं असं पहिलं स्कॅन करणारं यंत्र बनवलं. आधी तो स्वतःच आत जाऊन बसला, पण त्याचा घेर यंत्राला झेपेना, चित्रच उमटेना. मग एका सडपातळ साहाय्यकाला आत घातलं आणि जवळपास पाच तासांनी त्याच्या छातीचं चित्र निघालं. पुढे 2003 साली एमआरआयचं नोबेल लाउटरबर आणि मॅन्सफील्ड या दोघांना मिळालं, दमाडियनला नाही. तेव्हा त्याने मोठमोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन आपल्यावर अन्याय झाल्याचं जगाला कळवलं. त्या जाहिरातींचं बिल त्याने कॅशमध्ये भरलं असणार. असल्या गोष्टींना विमा नसतो. घेराच्या बाबतीत मात्र मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

रिपोर्ट दोन पानी होता. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामध्ये गादी किंचित फुगलेली, वयोमानानुसार झीज, आणि शेवटी ‘लक्षणांशी ताडून पाहावे’. आमच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली, मान हलवली आणि सांगितलं : वजन कमी करा, वाकून जड उचलू नका, व्यायाम करा, पट्टा लावा.

“म्हणजे विशेष काही नाही?” सौ.ने विचारलं. तिच्या आवाजात आनंद होता, पण निव्वळ आनंदच होता असं मी शपथेवर सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी साडू आपणहून घरी आला. हप्त्याची तारीख लांब होती, म्हणून आम्ही चकित झालो. त्याने बिल, पावती आणि रिपोर्ट मागवून घेतला, सगळं उलटंपालटं पाहिलं आणि टाळी वाजवली.

“साडूभाऊ, तुमचे साडेसहा हजार कुठी नाही गेले! भरतीच्या आधीच्या तीस दिवसांतला तपासणीचा खर्च विम्यात धरता येते. ह्याच कमरेसाठी महिन्याच्या आत ॲडमिट झाले, तर हा एमआरआयही वसूल.”

“पण मी ॲडमिट कशाला होऊ? बरं वाटतंय मला.”

“आताच कसं सांगता येईल?” सौ. म्हणाली आणि तिने पावती प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून फाइल देवघराच्या फळीवर ठेवली.

तेव्हापासून साडूचा फोन कधी नाही तो नियमाने येऊ लागला. “कंबर कशी हाय?” मी “छान आहे” म्हटलं की तो “हं” म्हणतो. सौ.ने मला जिना चढताना अडवणं सोडून दिलं आहे. परवा महिन्याचे शेवटचे दिवस आले तेव्हा साडूच्या आवाजात काकुळती होती.

“अजिबातच दुखत नाही काय?”

“नाही हो. पट्ट्याचा गुण आला.”

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “जरासं वाकून तर पाहा ना जी.”